पाठमोरी

आंबवड्याच्या थांब्यावर गाडी उभी होती. आरती आरशातून चढणारी माणसं बघत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या डोक्याला बोट लावलं. बोट थंड होतं, पण ती दचकली ते त्यामुळे नाही. बोट सरळ कातडीला लागलं, मध्ये केस आलेच नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूला, जरा डावीकडे, जिथून रोज सकाळी वेणी घालताना तिचा हात फिरायचा आणि ज्या जागेचा तिने जन्मात कधी विचार केला नव्हता, तिथे एक उघडी जागा होती आणि ती तिच्या आधी एका परक्या बाईला सापडली होती.

“पोरी, हितं काय झालं गं?” ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरून अंबूबाईने केबिनच्या दांड्यांमधून हात घातला होता. “चाई पडलीया का काय?”

अंबूबाई म्हणजे बाजारच्या दिवशी भोरला अंडी घेऊन जाणारी आणि रिकामी पाटी घेऊन परतणारी म्हातारी. बाई गाडी हाकते म्हटल्यावर पहिल्या दिवशी ती चढलेली पायरी उतरून मागच्या जीपने गेली होती. आता आरतीच्या मागचं बाक दुसऱ्या कुणी धरलं तर ती भांडायला उठायची. आरतीने आरशात तिच्याकडे बघितलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “काही नाही आजी, उवा झाल्या होत्या, खाजवलं असेल.” एवढ्या माणसांत एसटीच्या ड्रायव्हरने आपल्या तोंडाने उवा कबूल केल्या, कारण त्या घडीला तिला त्या चाईपेक्षा बऱ्या वाटल्या. कंडक्टर शिवानीने मागून घंटी मारली. आरतीने गिअर टाकला आणि भोरपर्यंतच्या साऱ्या वाटेत तिला आपल्या डोक्यामागे डोळे असल्यासारखं वाटत राहिलं. तिचे नव्हे, लोकांचे.

गाडी चालवणाऱ्याला सगळे दिसतात. कोण कुणाच्या खांद्यावर झोपलाय, कुणाची पिशवी गळतेय, कोण तिकीट न काढता खिडकीबाहेर बघायचं सोंग करतोय, हे सगळं वरच्या आरशात असतं. दिसत नाही ती फक्त स्वतःची पाठ, आणि माणसांना ड्रायव्हरचं दिसतं ते तेवढंच. आरतीला हे पहिल्या दिवशीच उमगलं होतं आणि म्हणून तिने आपली पाठ जपली होती. खाकी सदऱ्याची मागची इस्त्री ती पुढच्यापेक्षा नीट करायची. वेणी घट्ट, खांदे सरळ, मान ताठ. डोंगरावरच्या तिच्या वाडीतली पहिली पोर बारावी झाली, पहिली पोर भोरला राहिली आणि पहिली पोर एसटीच्या स्टिअरिंगवर बसली, तिन्ही वेळा ती हीच. चढणाऱ्या माणसाने ती पाठ बघावी आणि बोलता बोलता गप्प व्हावं, यात तिला जे सुख होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्याच पाठीच्या वरच्या टोकाला, कधीपासून कोण जाणे, हे भोक लोक बघत होते.

खोलीवर आल्यावर तिने भिंतीवरचा आरसा मागे धरला आणि शिवानीचा पावडरीच्या डबीतला आरसा पुढे. जागा दहाच्या नाण्याएवढी होती. खपली नाही, लाली नाही, खाज नाही. लहान मुलाच्या टाचेसारखी गुळगुळीत. आपल्या अंगावर आपल्याला ठाऊक नसलेलं इतकं नितळ काही असावं याचंच तिला नवल वाटलं. शिवानी तिची खोलीतली सोबतीणही. ती स्टोव्हजवळ पोळ्या लाटत होती आणि जरुरीपेक्षा जास्त लक्ष देऊन लाटत होती. “तुला माहीत होतं?” आरतीने विचारलं. शिवानी म्हणाली, “तीन आठवडे झाले, ताई. आधी बोटाएवढं होतं. मला वाटलं, तुमी इतक्या ताठ असता, कसं सांगायचं.” आरतीला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या ताठ या शब्दाचा. तो इतके दिवस तिला शाबासकीसारखा वाटत आला होता.

तिने आधी ते गजकर्ण ठरवलं. मेडिकलमधून ट्यूब आणली, कंगवा वेगळा केला, उशीला जुनं ओढणीचं फडकं गुंडाळलं. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत ती भिंतीला पाठ लावून बसू लागली. वेणीऐवजी अंबाडा आला, अंबाड्यावर जाळी आली, चार चिमटे आले. तरी आठवड्याने उशीवरच्या फडक्यावर केस होतेच. मग एका दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती भोरातल्याच एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या वयाने आरतीएवढ्याच होत्या. त्यांनी भिंगातून जागा बघितली, कडेचे दोनचार केस चिमटीत धरून हलकेच ओढले, ते सहज आले. मग त्यांनी आरतीचे हात मागितले आणि नखं बघितली. शिवताना बोटात घालायच्या टोपणावर असतात तसे नखांवर बारीक खळगे होते. तेही आरतीने कधी बघितले नव्हते. आपण आपल्या अंगात भाड्याने राहतोय की काय, असं तिला वाटलं.

“गेल्या दोनचार महिन्यांत काही मोठं घडलं का?” बाईंनी विचारलं. “मोठा ताप, घरात कुणी गेलं, काही धक्का, धास्ती?”

“नाही,” आरती म्हणाली.

“झोप?”

“चांगली लागते.”

हे तिने इतक्या सरळ मानेने सांगितलं की बाईंनी कागदावर तसंच लिहून घेतलं. खरं म्हणजे ती रोज पहाटे पोटरीत गोळा येऊन जागी व्हायची. उजवा पाय पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबून धरलेला असायचा, सगळा जोर लावून. पण पायाचं केसांशी काय नातं, असं म्हणून तिने ते गिळलं. बाई समजावत होत्या. शरीराचे पहारेकरी असतात, रोगाशी लढणारे. ते कधीकधी चुकतात आणि आपल्याच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर धावून जातात. का चुकतात ते पुरतं कळलेलं नाही. काहींच्या घराण्यात असतं. मोठा ताण हे एक निमित्त असू शकतं, पुष्कळांच्या मागच्या दोनतीन महिन्यांत असं काही सापडतं. पण त्यामुळेच झालं असं कुणाच्याही बाबतीत छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कुणाला लागत नाही, कंगवा वेगळा ठेवायची गरज नाही. “मुळं मेलेली नाहीत,” त्या म्हणाल्या, “झोपली आहेत असं समजा. बहुतेकदा केस परत येतात. पहिल्यांदा पांढरे आले तर घाबरू नका.” आणि त्यांनी त्या जागेत बारीक सुईने पाचसहा ठिकाणी औषध टोचलं. आरतीने हूं केलं नाही. “शूर आहात,” बाई सहज म्हणाल्या, आणि सुईला न हललेली आरती त्या शब्दाला हलली.

कारण तो शब्द आषाढापासून तिच्या मागे लागला होता. पासली गावाच्या अलीकडे घाटात जो उतार आहे, तिथे त्या दिवशी सकाळी पाऊस धरून बसला होता आणि ढग रस्त्यावर उतरले होते. गाडीत एकतीस माणसं. वळणाशी आल्यावर आधी खडी सरकल्याचा आवाज आला, मग डावीकडची अख्खी कड खालच्या ओढ्याकडे निघून गेली आणि पुढचं चाक तिच्याबरोबर खचलं. गाडी डावीकडे कलली आणि थांबली. थांबली म्हणजे आरतीने थांबवली, उजव्या पायाने. हँडब्रेक ओढला होता, पण तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. तिचा भरवसा पायावर होता. गाडीत एक आरडाओरडा झाला आणि मग इतकी शांतता की वायपरचं रबर काचेवर घासलेलं ऐकू येत होतं. “कुणी पुढं येऊ नका. मागच्या दारानं एकेक,” असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज आपला होता हे तिला नंतर लोकांकडून कळलं. शिवानीने मागचं संकटकाळी उघडायचं दार उघडलं. एकेक माणूस खाली उतरायचं आणि प्रत्येकाबरोबर गाडी अंगातून किंचित हलायची. आरती आरशात बघत नव्हती. पायाने मोजत होती. अठरा, एकोणीस, वीस.

आणि तेव्हा तिला म्हशीचा वास आला. ओल्या म्हशीचा, शेणाचा, कोमट दुधाचा, इतका जवळून की तोंड तिच्या पोटात खुपसलं असावं. आजूबाजूला कुठे म्हैस नव्हती. मरणाचा विचार आला नाही, आई आठवली नाही, देव आठवला नाही. फक्त तो वास नाकात भरून राहिला. एकतिसावं माणूस उतरलं. शिवानी बाहेरून ओरडली, “ताई, तुमी या आता.” आरतीने पायाला सांगितलं, उचल. पाय उचलेना. पुन्हा सांगितलं. पाय तिचा नव्हताच. ती तशी किती वेळ बसली कोण जाणे, कुणी दहा मिनिटं म्हणतं, कुणी वीस. शेवटी तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय ब्रेकवरून काढला, गाडी जागची हलली नाही, आणि ती मागच्या दाराने उतरली. खाली उभ्या असलेल्या माणसांनी जे बघितलं ते असं, की सगळे सुखरूप उतरेपर्यंत बाई हलली नाही, आणि उतरल्यावरही हलली नाही, गाडी सोडायला तयार नव्हती. मोबाईलवर फोटो फिरले. कुणी पत्रकार वाडीपर्यंत चढून गेला, आणि आरतीला विचारायचा प्रश्न त्याने तिच्या बापाला विचारला. हैबती ढेबे अंगणात म्हशीची दावण वळत बसला होता. तो म्हणाला, “आमची पोर भ्याली न्हाई. आमच्यात भ्यायची रीत न्हाई.” ते वाक्य तिच्या फोटोखाली छापून आलं. आरतीने कात्रण पाकिटात ठेवलं, आणि दहावीसदा वाचल्यावर तेच खरं असं तिलाही वाटायला लागलं.

मात्र त्यानंतर पासलीच्या फेरीवर ती गेली नव्हती. यात भीतीचा काही संबंध नव्हता, असं तिचं म्हणणं. झालं एवढंच की मानसिंग नावाच्या जुन्या ड्रायव्हरला आंबवड्याची फेरी होती, आणि आरतीला एकाएकी वाटलं की त्याच्या मुलीच्या शाळेच्या दृष्टीने पासलीची वेळ त्याला फार सोयीची पडेल. मानसिंगने हे मागितलं नव्हतं. त्याच्या मुलीची शाळा तर पायी दोन मिनिटांवर होती. पण आरतीने इतक्या जोरात उपकार केला की तो नको म्हणू शकला नाही. आता दिवाळीसाठी मानसिंग सोमवारपासून रजेवर चालला होता आणि पासलीची सकाळची गाडी पुन्हा तिच्या नावावर लागली होती. त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, पासलीच्या देवळापुढे गावाने तिचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फेटा आणि दोन शब्द. ते दोन शब्द कोणते ते सगळ्यांनाच माहीत होतं. न घाबरता. आणि तिच्या डोक्यावर दुसरंच काही लिहून आलं होतं. उद्या कुणी म्हटलं की बाई त्या दिवसापासून धसक्याने झडायला लागली, तर पुढच्या पावसाळ्यात घाटाची गाडी तिला कोण देईल, आणि तिच्यामागून येणाऱ्या वाडीतल्या पोरींना तरी कोण देईल? तिने अंबाड्याला दोन चिमटे जास्तीचे लावले.

शनिवारी ती मानसिंगच्याच गाडीने घरी निघाली. जागा मिळाली ती नेमकी ड्रायव्हरच्या मागची. तिने जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरचं डोकं एवढा वेळ मागून बघितलं. मानसिंगच्या मानेवर उन्हाने पडलेल्या आडव्या चिरा होत्या, कानामागे साबण तसाच राहून वाळला होता. माणूस मागून किती बिचारा दिसतो, तिला वाटलं, आणि लगेच, मीही. उतार जवळ आला तशी मानसिंगची मान आखडली, चिरा मिटल्या. वळणावर आता दगडी कठडा बांधला होता, नवा, पांढरट. तिने डोळे मिटले. बसल्या जागी तिचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला गेला होता, तो शेजारच्या बाईने बघितला आणि आपली पिशवी सरकवून जागा दिली.

पासलीपासून वाडी तासाभराच्या चढावर. अंगणात हैबती म्हशी भादरत होता. दिवाळीच्या पाडव्याला वाडीतल्या म्हशी मिरवायच्या असतात; त्याआधी साबणाचं पाणी लावून वस्तऱ्याने अंगभर भादरायच्या, तेल चोपडायचं, शिंगं रंगवायची. म्हातारा म्हशीच्या फऱ्यापाशी उकिडवा बसला होता, वस्तरा चर्रचर्र वाजत होता आणि म्हैस डोळे अर्धवट मिटून सेवा करून घेत होती. “आली का डायवरीण,” तो न वळता म्हणाला, पण आवाजात कौतुक मावत नव्हतं. “उद्याला नवा पटका आणलाय म्या. म्होरल्या रांगंत बसनार हाय. सरपंचानं सोता सांगितलंया.” आरती हसली. आबाच्या त्या आवाजासाठी तिने आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या होत्या. आता तो आवाज ऐकून तिच्या डोक्यावरची ती जागा गार पडली.

चहा झाल्यावर आई, पारूबाई, तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसली आणि पायापुढची जमीन थोपटली. “बस.” आरती म्हणाली, डोकं दुखतंय, नको. “म्हणून तर बस,” आई म्हणाली. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. चिमटे एकेक करून निघाले, जाळी निघाली, आईची बोटं केसांत शिरली, आणि ठरल्या जागी थांबली. आता आई अगं बाई म्हणेल, देवीला नवस बोलेल, कुणाची नजर लागली ते नावानिशी सांगेल. आईने यातलं काही केलं नाही. बोटांनी त्या जागेभोवती सावकाश गोल फिरून तेल लावलं, मग कानामागे गेली, परत आली.

“दोन हायती,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “कवा भ्यालीस?”

“म्या न्हाई भ्याले.”

“बरं,” पारूबाई म्हणाली आणि तेल जिरवत राहिली. अंगणात वस्तरा वाजत होता. काळे केस साबणाच्या फेसाबरोबर दगडावरून ओघळत होते. “चांदरी आठवती का तुला?” तिने विचारलं.

चांदरी न आठवायला काय झालं. कपाळावर पांढरा चांद असलेली, एका शिंगाने वाकडी म्हैस. आरती नऊ वर्षांची होती, श्रावणातलं धुकं होतं, म्हशी पठारावर चरत होत्या आणि भर दुपारी वाघरू आलं. वाडीत बिबट्याला वाघरूच म्हणतात. बाकीच्या म्हशी शेपट्या वर करून उधळल्या. चांदरी आपल्या रेडकापुढे उभी राहिली, शिंगं खाली घालून, आणि रेडकाजवळ आरती होती. ती चांदरीच्या मागच्या पायाला बिलगली होती, तोंड तिच्या पोटात खुपसून. धुक्यात पिवळं काहीतरी येरझाऱ्या घालत होतं. किती वेळ, ठाऊक नाही. मग ते गेलं. वाडीत ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना म्हणतात, चांदरी भ्याली न्हाई.

“भ्याली न्हाई व्हय?” पारूबाई म्हणाली. “तुजं हात तिच्या पोटावर व्हतं न्हवं? मग तुला ठावं.”

आरतीच्या तळहातांना आठवलं. तिला नव्हतं आठवत, तळहातांना आठवलं. ते पोट थरथरत होतं. इंजिन बंद करताना गाडी थरथरते तसं, पण न थांबता, सारा वेळ, आणि त्या थरथरत्या पोटाखाली पाय मात्र खुंट रोवल्यासारखे. एवढं मोठं, ओलं, उबदार जनावर भीतीने हादरत होतं आणि हलत नव्हतं. हे तिने नऊ वर्षांची असताना दोन्ही हातांनी बघितलं होतं, आणि लोकांचं ऐकून ऐकून विसरली होती.

“ज्या पळाल्या, त्यांचं भ्या पळता पळता गळून गेलं,” आई सांगत होती. “हिचं आतच ऱ्हायलं. दोन म्हैन्यानं मानंवरची केसं जाया लागली. चट्टं पडलं ह्ये एवढालं. दूध आटलं. तुजा आबा म्हणाला, रोगट झाली, इकून टाकू. तवा तुजा आज्जा व्हता. त्यो म्हणाला, जिनं वाघरू अडवलं तिला इकत न्हाईत. आन पाडव्याला भादरत बी न्हाईत. समद्या भादरलेल्या म्हशींत तिचं चट्टं कुनाला दिसनार? ऱ्हाऊ द्या केसं, दिसू द्या लोकास्नी कुठनं गेली ती.”

आरतीला तो पाडवाही आठवला. सगळ्या म्हशी तुकतुकीत, आणि सगळ्यांच्या पुढे त्यांची चांदरी, केसाळ, खवडे पडलेली. तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपल्याच घरच्यांना म्हैस भादरायला सवड झाली नाही आणि तीच नेमकी पुढे लावली, असं तिने धरून ठेवलं होतं. माणसं येऊन चांदरीच्या त्या उघड्या चट्ट्याला हात लावत होती आणि तो हात आपल्या कपाळाला लावत होती, तेही तिने बघितलं होतं. पण तिने ते आजारी जनावराची कीव म्हणून खपवलं. वीस वर्षं तिने चुकीच्या गोष्टीची लाज बाळगली होती.

“आये,” ती म्हणाली, “समदी उतरली न्हवं, तवा माजा पाय उचलत न्हवता. म्या थांबले न्हाई. मला उठताच येईना.”

“मग? चांदरी तरी कुठं हलली? रेडकू घरी आणलं, तुला आणलं, तरी सांजपतूर तितंच उबी,” पारूबाई म्हणाली, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मग वाटीत बोट पुसून तिने वेणीला हात घातला.

“आबाला सांगू नगंस,” आरती म्हणाली. आईने वेणीचा पेड घट्ट ओढला. अंगणातला वस्तरा केव्हा थांबला होता ते त्या दोघींना कळलं नाही.

रविवारी देवळापुढे मांडव होता, खुर्च्या होत्या, भोंगा होता. सकाळी पारूबाईने वेणी घालताना विचारलं होतं, “झाकू का?” आणि आरती म्हणाली होती, “ऱ्हाऊ दे.” पण ते घरात म्हणणं होतं. इथे दोनशे माणसं होती. त्या दिवशीच्या गाडीतली कितीतरी होती, त्यांच्या मागे वाडीची माणसं, आणि पहिल्या रांगेत नवा लाल पटका बांधून हैबती, दोन्ही हात काठीवर, मान इतकी ताठ की तिला आपली मान कुठून आली ते कळलं. सरपंच बोलले. न डगमगता म्हणाले, न घाबरता म्हणाले, दोनदा म्हणाले. शाल झाली, श्रीफळ झालं. मग फेटा बांधणारा भगवं कापड घेऊन पुढे आला. एक क्षण आरतीला वाटलं, बांधून घ्यावा. चांगला घट्ट बांधतात, सगळं झाकलं जाईल, फोटोही चांगला येईल, आणि उद्या सकाळी दुखणं काढून घरी बसता येईल.

“जरा थांबा,” ती त्याला म्हणाली आणि माइकसमोर गेली. “नमस्कार. तुम्ही सगळे मला नेहमी मागूनच बघता.” माणसं हसली. “तर तसंच बघा.”

ती वळली आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिली. वेणी उचलून खांद्यावरून पुढे घेतली, आणि हाताने डावीकडचे केस बाजूला केले. समोर देवळाची भिंत होती, चुन्याची. आरसा नव्हता. शाळेतली भाषा कधी सुटली ते तिला समजलं नाही.

“ह्ये त्या दिवसाचं हाय,” ती भिंतीला म्हणाली. “डाक्तरीणबाई म्हणत्यात तसं नक्की सांगता येत न्हाई. पर मला ठावं हाय. म्या भ्याले व्हते. लई भ्याले व्हते. तुमी समदी उतरलात तवा म्या बसून ऱ्हायले त्ये धाडस न्हवतं, माजा पाय उचलत न्हवता. त्या दिसापासनं त्या उतारानं म्या गाडी न्हेली न्हाई. उद्या सकाळची गाडी माजी हाय. म्या न्हेनार हाय. ज्याला यायचं त्यानं यावं.”

मागे काही आवाज नव्हता. कापराचा वास येत होता. चुन्याच्या पोपड्यावर एक मुंगळा वर चालला होता आणि तो वर पोचेपर्यंत जग असंच राहणार, असं तिला वाटलं. मग लगबगीची पावलं आली. फेटेवाला सज्जन होता. बाईमाणसाची अशी उघडी लाज त्याला बघवेना. भगवं कापड तिच्या डोक्यावर येतंय हे तिला कानाशी लागलेल्या वाऱ्याने कळलं.

“पावनं, ऱ्हाऊ द्या त्ये.”

आवाज आबाचा होता. काठी लाकडी मंचावर वाजली, एकदा, दोनदा. म्हातारा चढून येत होता. “आमच्यात,” तो म्हणाला, आणि माइक नसतानाही ते मांडवाच्या टोकापर्यंत गेलं, “जिनं वाघरू अडवलं तिला भादरत न्हाईत. झाकत बी न्हाईत.”

साबणाचा आणि म्हशीचा वास जवळ आला. मग एक खरखरीत, गरम तळवा तिच्या डोक्यावरच्या त्या उघड्या जागेवर टेकला, पुरता टेकला, आणि उचलला गेला. तिने वळून बघितलं नाही. तो हात कुठे गेला असेल ते तिला माहीत होतं; नव्या पटक्याखाली, कपाळाला. वाडीच्या माणसांत खुर्च्या सरकल्या. आणि मग मंचाच्या पायऱ्यांवर पावलं वाजू लागली, एकामागून एक, गाडीत चढताना वाजतात तशी. आरती मान ताठ ठेवून पाठमोरी उभी राहिली.